मागची बाजू

जिंतूरच्या स्टँडसमोर, रसवंतीला चिकटून
माझं टेबल. चार फूट बाय दीड.
वर छत्री, छत्रीवर बियाणे कंपनीचं फिकटलेलं कणीस.
तिकिटं चिमट्यांनी दोरीवर टांगतो.
हिंगोली गाडी जोरात वळली
की सगळी एकदम फडफडतात
आणि लोकांना वाटतं, आपल्यालाच बोलावतायत.

चौदा वर्षं विकतोय. स्वतः एकही काढलं नाही.
शहाणपण वगैरे काही नाही त्यात,
निकालाचा कागद रोज वाचतो, एवढंच.

दिवाळी बंपरचा निकाल लागला तव्हा
माझ्याच गठ्ठ्यातला नंबर.
शेवटी चार, शून्य, शून्य, नऊ.
पन्नास हजार.
मी पेनानं गोल केला, गोलावर गोल केला,
कागद फाटेस्तोवर.
विकणाऱ्यालाही त्यातलं थोडं मिळतं,
खोटं कशाला बोलू.

कुणाला दिलं होतं?
एकेक हात आठवून पाहिला.
तहसीलचा शिपाई इंगोले सातावर संपणारंच घेतो.
अझीम पंक्चरवाला तिकीट उन्हात धरतो, नोट तपासल्यासारखं,
आणि घेतलेल्याच्या शेजारच्यावरही अंगठा उमटवून जातो.
मग एक हात आठवला, ओला,
बेसन लागलेला, पदराला पुसूनही ओलाच.
धुरपताबाई. कोर्टामागं भज्यांचा गाडा.
नंबर तिनं बघितलाच नव्हता.
"त्यो पणत्याचा द्या, झ्याक हाय," म्हणाली होती.

मुदतीचे अकरा दिवस राहिले होते.
घरी गेलो तर तिकीट समोरच,
चुलीच्या वर, मातीच्या भिंतीला,
खळीनं डकवलेलं.
दोन पणत्या, आकाशकंदील,
कडेला फोडणीचा एक डाग.
नंबर ठळक, शाबूत.

पन्नास हजार, मी म्हणालो.
तव्यावर भाकरी होती.
ती तिनं उलटली, शेकली, टोपल्यात टाकली,
मगच खाली बसली.

नियम सांगितले. अर्ज, दोन फोटो, आधार, पॅन, पासबुक.
तिकिटाच्या मागच्या बाजूस नाव, पत्ता, सही.
ती बराच वेळ भिंतीकडं बघत राहिली.
"मागची बाजू तर तिकडं हाय."

किटली ठेवली. वाफ दिली.
शेजारची निलोफर ब्लेड घेऊन आली, बारावी सायन्स,
म्हणाली, काका तुम्ही हात लावू नका.
कंदील सुटला. एक पणती सुटली. दुसरीही.
चार सुटला, शून्य सुटलं, त्याच्यापुढचं शून्य
अर्धवट, पण सुटलं.
नऊ भिंतीला राहिला.

"वाचता येतंय की," धुरपताबाई म्हणाली.
येत होतं.
"मग हापिसातलं कुणी हितं बघाया येत न्हाई का?"
नाही, म्हणालो.
"पन्नास हजार द्यायला बोलावतेत अन्
एक नऊ बघाया येत न्हाईत?"

तिनं खुरपं आणलं.
नवाच्या चारी बाजूंनी भिंत कापली,
वडी पाडतात तशी, सावकाश, हात न हलू देता.
तळहाताएवढं ढेकूळ निघालं, गव्हाच्या भुशासकट.
भोकात मी जुन्या निकालांचा बोळा कोंबला.
आता सही.
तिकिटाच्या सुटलेल्या पाठीवर झाली,
पण तिचा हट्ट, नवाच्या पाठीवरबी पायजे.
मातीवर पेन उमटेना.
मग खिळ्यानं कोरलं,
धु, र, प, ता.
'बाई'ला जागा उरली नाही.

रात्रीच्या मुंबई गाडीत तिला बसवून दिलं.
तिकीट प्लॅस्टिकच्या पाकिटात, पाकीट पोलक्यात,
ढेकूळ साखरेच्या पिशवीत, पिशवी मांडीवर.
कंडक्टर आला, पिशवीकडं बघितलं.
"ह्यात काय हाय, मावशी?"
"तिकीट," ती म्हणाली.
त्यानं मुंबईचं दुसरं फाडलं.